मायनस सदुसष्टच्या आत

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच! अकराला कुशलचा फोन आला, अकरा सातला संपला. सात मिनिटांतली चार नुसती हॅलो-हॅलोत. आई म्हणते, "हां, बोल." तिकडून— "आई, तुझं का— काही— ऐकू—" अन् मग माठात तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी. मेलबर्नहून नागपूरपर्यंत माझ्या भावाचा आवाज बरोबर येतो, आणि आमच्या बेडरूममधल्या राउटरपासून आईच्या खोलीपर्यंतचे वीस फूट त्याला पार होत नाहीत!

साधा फोन लागायचा प्रश्नच नाही. शहराबाहेर बेस्यात फ्लॅट घेतला तेव्हा टाइल्स पाहिल्या, नळाला पाणी पाहिलं, मोबाईलच्या दांड्या कुणी पाहिल्या? एक दांडी येते, तीही बाल्कनीत ओणवं झालं तर. गच्चीवर नीट लागतो, पण आईचे गुडघे तो जिना चढत नाहीत. म्हणून वायफाय. व्हिडिओ तर नुसता गोल फिरत बसतो.

मी एवढी जिवाचं रान काहून करते? कारण दोन वर्षं हे दोघं माय-लेक एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. बाबा अचानक गेले, कुशलला रजा नाही, विमान नाही— नाही आला. आणि तेरवीला आई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "मले एकच पोरगी हाय." कुणीतरी ते त्याला कळवलं. कळवणारे असतातच! डिसेंबरात त्याला मुलगी झाली, तेव्हा त्यानं आपणहून फोन केला. आई फोनवर रडली, तो रडला. तेव्हापासून दर रविवारी अकरा. हे तुटायला नको, बस्स. बाकी मला काही नको.

आईचा घसा बसलाय. थंडी बाधली असेल.

१८ फेब्रुवारी

मयुरीनं माझ्या मोबाईलमध्ये सिग्नल मोजायचं ॲप टाकून दिलं. आकडा मायनसमध्ये येतो, जितका लहान तितका चांगला. "मम्मी, मायनस सदुसष्टच्या आत असला तर आवाज क्लिअर. सत्तरच्या पुढे गेला की गेलाच." आईच्या पलंगावर मोजला. ब्याऐंशी! म्हणजे नापासच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वायफायवाला आला. नागसेन नाव, चाळिशीचा, शांत माणूस. राउटर पाहिला आणि हसलाच. "ताई, लोखंडी कपाटामागे ठेवला तुम्ही! यानं काय पाप केलं?" कपाटामागे ठेवला होता कारण दिवे लुकलुकलेले मला आवडत नाहीत. हे त्याला सांगितलं नाही.

राउटर हॉलमधल्या शोकेसवर नेला. आईच्या दारासमोर, सरळ रेषेत. "लोहा और पानी, दोन्ही सिग्नल खातात ताई. बाकी भिंतीचं एवढं नाही." आई दारात उभी होती. "पानी बी?" "हो माय. पाण्याचं भांडं याच्या तोंडासमोर ठेवलं का काम तमाम." आई म्हणाली, "अस्सं!" आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली. सत्तरीतही किती कौतुक असतं तिला नव्या गोष्टीचं!

आईच्या पलंगावर आता मायनस चोपन्न. नाचावंसं वाटलं. मयुरीचे बाबा चंद्रपूरहून आले होते, म्हणाले, "आता रविवारी एक तास बोला म्हणा."

२३ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! साडेदहाला मोजलं, त्रेपन्न. अकराला फोन. पहिल्या मिनिटातच आवाज तुकडे तुकडे. फोन आईच्या कानाला, मी शेजारी घाम पुसत. एकोणऐंशी! अर्ध्या तासात काय झालं?

फोन कट झाल्या झाल्या आई उठून तुळशीला पाणी घालायला गेली. तिला काहीच नाही त्याचं! मी इकडे डोकं धरून.

आईचा घसा अजून तसाच. ज्येष्ठमध दिलं.

२ मार्च, रविवार

दहा पंचेचाळीस— त्रेपन्न. अकरा दोन— अठ्ठ्याहत्तर.

आवाज तोच, घोगरा. गरम पाणी पी म्हटलं, हो म्हणाली.

६ मार्च

आज दुकानात गिऱ्हाईक कमी. गांधीबागेत एवढ्या साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मी मोबाईलवर वाचून राहिले— 'आवाज का तुटतो'. शेठ म्हणाले, "भारतीताई, जरी पाहा, मोबाईल नंतर." मी साडी उलगडली, बाईला काठ दाखवला, आणि मनात— रविवारी अकराला सगळी बिल्डिंग वायफायवर असते, तेच असेल! दुसरं काय असणार?

९ मार्च, रविवार

खालच्या यमुताईंना हात जोडून विनंती केली, अकरा ते साडेअकरा तुमचं वायफाय बंद ठेवा. म्हणाल्या, "कायले वं? माह्या वायफायनं तुह्या भावाचं काय बिघडवलं?" तरी ठेवलं बिचाऱ्यांनी. समोरच्यांनीही ठेवलं. उपयोग शून्य. ऐंशी.

कुशल आज चिडला. "ताई, आई नुसतं 'हूं' म्हणते. दोन शब्द बोलली की लाइन जाते. बरोब्बर तिच्याच वेळेला कशी जाते गं?" मी म्हटलं, नेटवर्क आहे रे बाबा. तो म्हणाला, "हो, असेल." ते 'असेल' मला आवडलं नाही.

१६ मार्च, रविवार

होळी झाली, कूलर काढला, धुतला, नवीन वाळा बसवला, हॉलच्या खिडकीत लावला. आज फोन तीन मिनिटं.

आईच्या घशात रंगाची धूळ गेली असणार. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, पाच दिवसांच्या.

२३ मार्च

मोजलं नाही. कंटाळा आला. फोन तुटला.

२९ मार्च, शनिवार

कुशलचा मोठा मेसेज. तीनदा वाचला.

त्यानं पोरीचं बारसं अजून केलेलंच नाही! चार महिन्यांची होईल. म्हणतो, आईच्या तोंडचा पाळणा हवा. "गावी खाप्याला आपल्या कोष्टीपुऱ्यात कुणाचं बारसं आईशिवाय झालं का, ताई? माझ्या पोरीचंच काहून व्हावं?" सत्तावीस एप्रिल, रविवार, अकरा वाजता. तिकडे त्याची बायको रितिका पाळणा सजवणार, इकडून आई फोनवर गाणार, आणि मग कानात नाव— नाव नंदिनी.

खरंच आहे. आमच्या आईचा, मैनाबाईचा पाळणा म्हणजे काय होता! आई मागाच्या कांड्या भरत असताना बोलावणं यायचं, ती तंबाखूची डबी कमरेला खोचून उठायची आणि दोन गल्ल्या ओलांडून जायची. ती उभी राहिली की मागोमाग बाया गप्प. मी फ्रॉकचा घेर धरून तिच्या पाठीशी. आवाज असा खणखणीत, की खाली नदीवर धुणाऱ्या बायांनाही कळायचं, आज कुणाकडे बारसं आहे.

आणि शेवटी त्यानं लिहिलं आहे— "एवढी एकच गोष्ट मागतो. ती पण नेटवर्कमुळे झाली नाही, तर मी समजेन की आईच्या मनातलं गेलेलं नाही. मग दर रविवारी तिला त्रास देणार नाही."

आईला वाचून दाखवलं. तिनं पदरानं चष्मा पुसला. किती वेळ पुसत होती. मग म्हणाली, "फोनवर कुठं पाळणा होते वं? वेडं हाय ते." आणि आत गेली.

मी सत्तावीस तारखेला पन्नासच्या आत आणून दाखवते. दाखवतेच!

६ एप्रिल, रविवार

कूलर! मला आधी काहून सुचलं नाही? लोखंडी पेटी आणि आत पन्नास लिटर पाणी— लोहा और पानी! आज दहालाच बंद केला, पाइप लावून रिकामा केला. बाहेर बेचाळीस. मयुरी टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन बसली— "मामाच्या फोनसाठी आम्हाला उकडून काढ तू." अकरा एक— ऐंशी.

कूलर रिकामा, घर तव्यासारखं, आणि ऐंशी! मी रडले, अगदी हमसून. आई पाठीवरून हात फिरवत होती. "जाऊ दे वं माय. अर्धं ऐकलं तरी पुरते मले."

तुला पुरतं गं. त्याला नाही पुरत.

आईचा आवाज आज फारच बारीक. कूलरची हवा सोसत नाही तिला.

९ एप्रिल

नागसेनला पुन्हा बोलावलं. त्यानं सगळं पाहिलं. बावन्न. "ताई, यात काहीच खराबी नाही. माझ्या घरी पण एवढा नाही येत." मग म्हणाला, "रविवारी अकरालाच होते? मग मशीनचं नाही ताई, माणसाचं काहीतरी असेल." मला रागच आला. माणसाचं म्हणजे काय!

१३ एप्रिल, रविवार

एकोणऐंशी. कुशल म्हणाला, "राहू दे ताई, आज राहू दे." त्यानंच ठेवला.

आईला खोकला नाही, ताप नाही, नुसता घसा. जेवतानाही पाणी जास्त लागतं.

२० एप्रिल, रविवार

आधी लिहून टाकते.

आज मी आईजवळ बसलेच नाही. फोन तिच्या हातात दिला आणि माझा मोबाईल घेऊन आकडा बघत बघत राउटरकडे चालत गेले. पलंग— ऐंशी. दार— अठ्ठ्याहत्तर. हॉल— पंच्याहत्तर. राउटरपासून चार पावलांवर बहात्तर! हे होऊच शकत नाही. मान वर केली.

शोकेसवर राउटरच्या तोंडाला चिकटून खाप्याची तांब्याची कळशी. काठोकाठ भरलेली. मागून पितळी परात टेकवलेली. वर नीट घडी घालून आईचा टॉवेल.

म्हणजे फोनच्या आधी "देवाला हात जोडून येते" म्हणायची, ते हे! आणि फोन झाल्या झाल्या तुळशीला जायचं पाणी, तेही हेच! दोन महिने! मी बिल्डिंगभर हात जोडत फिरले, पोरीला बेचाळीसमध्ये बसवलं, आणि आई कळशी भरत होती!

आत जाऊन बोलले. नको ते बोलले. "त्याच्याशी बोलायचं नव्हतं तर सरळ सांगायचं! तेरवीला बोललीस तेच अजून मनात धरून बसलीस ना? लेकराचं लेकरू आहे ते, त्याच्यावर कसला सूड उगवतेस?" ती खाली मान घालून. मी ओरडले, "बोल ना!"

तेव्हा म्हणाली, "माहा आवाज नको ऐकवू त्याले."

"आवाजाला काय झालं? घसा बसलाय, एवढंच ना? हळद-दूध घे, तंबाखू बंद कर, आठ दिवसांत मोकळा होते."

"नाही होत वं."

"बहाणे नको करू!"

मयुरी मध्ये आली, मला ओढून बाहेर नेलं. कुशलचं खरं होतं तर. नेटवर्क नव्हतंच ते. आता त्याला काय सांगू?

२१ एप्रिल

आई आणि मी बोलत नाही. पोळ्या लाटते ती, मी वाढून घेते. तंबाखूची डबी तिनं स्वतःच कचऱ्यात टाकली, मी पाहिली.

२४ एप्रिल

कळशी माळ्यावर टाकली. परात यमुताईंकडे ठेवायला दिली. कुशलला काही कळवलं नाही. फक्त लिहिलं, रविवारी आवाज येईल. येईलच.

आईला विचारलं, गाशील ना? म्हणाली, "तुले एवढंच पाहिजे काय? गाते."

२७ एप्रिल, रविवार

एक्केचाळीस. आजवरचा सगळ्यात चांगला आकडा. एक्केचाळीस!

यमुताई नऊवारी नेसून वर आल्या. मयुरीनं नारळाला कुंकू लावलं, पाटावर ठेवलं, आपलं इकडचं बाळ म्हणून. ठीक अकराला रिंग. तिकडची इतकी स्वच्छ शांतता ऐकू येत होती, की पोरीच्या पायातले वाळे वाजलेले कळले. रितिका म्हणाली, "आई, नमस्कार करते." कुशल म्हणाला, "आई, तयार आहे सगळं."

आईनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला निघाली ती नुसती हवा. मग फाटक्या बांबूतून यावा तसा एक आवाज. तिनं जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, सूर वर गेलाच नाही, मधेच तुटला. तुटला— आणि आकडा एक्केचाळीस! मी मोबाईलकडे पाहून राहिले होते. मूर्खासारखी, मोबाईलकडे! आई थांबली नाही. तीन कडवी तिनं तशीच ओढत नेली. यमुताई तोंडाला पदर लावून उभ्या.

तिकडे कुणी बोललं नाही. वाटलं लाइन गेली. लाइन होती.

मग कुशल, एकदम हळू— "ताई, फोन तुझ्याकडे घे. स्पीकर बंद कर."

मी बाल्कनीत गेले.

"आईचा आवाज कधीपासून असा आहे?"

"अरे कूलर... आठ-दहा दिवस झाले असतील."

"ताई, हा आठ दिवसांचा नाही. तू तिच्याजवळ असतेस. तुला ऐकू येत नव्हतं का?"

 म्हटलं, उद्याच्या उद्या दाखवते. तो म्हणाला, तिकीट पाहतो.  

आत आले तर आई नारळ पोटाशी धरून बसलेली. म्हणाली, "म्हणून नको म्हणत होती मी. संक्रांतीपासून समजून राहिलं मले, हे साधं नाही. बापाच्या वेळी येता नाही आलं, दोन वर्षं जळलं ते पोरगं. अन् त्यात मी बी बोलून बसली. आता माह्यापायी नोकरी टाकून येते ते. नवीन लेकरू घरात. कायले त्याले..." पुढचे शब्द आलेच नाहीत, ओठ तेवढे हलले.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सूड म्हणाले होते मी तिला. सूड!

२९ एप्रिल, मंगळवार

कान-नाक-घशाचे डॉक्टर. काल नंबर मिळाला नाही. नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर दाखवलं— एका स्वरतंतूवर गाठ आहे. शुक्रवारी तुकडा काढून तपासायचा. विचारलं, "आवाज कधीपासून असा?" आई म्हणाली, "झाले आठ-पंधरा दिवस." मी पर्समधून ही वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "यात तर वायफायचे आकडे आहेत, ताई."

"आकड्यांच्या खालची ओळ वाचा," मी म्हटलं.